तोंडात मशेरी असताना

आमच्या घरात तंबाखू कोणी खात नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या ठसक्यात बोलले आहे की देवासमोर बोलायची वेळ आली असती तरी आवाज कापला नसता. वडिलांनी कधी विडी हातात धरली नाही, भाऊ सुपारीलासुद्धा शिवत नाही. बायकांचं म्हणाल तर बायका मशेरी लावायच्या. पण मशेरी म्हणजे काही तंबाखू नव्हे. ती दातांना लावायची असते.

हसू नका. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात कुठल्याही बाईला विचारा, तंबाखू खाता का, ती कानांवर हात ठेवील. मशेरी लावता का विचारलंत तर म्हणेल, हो, ते मंजन ना. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, हाताने चुरायचं, झालं मंजन. भाजताना असा ठसका उठतो की घरातलं मांजरसुद्धा बाहेर पळतं. सगळे खोकत बसतात आणि एकाच्याही डोक्यात येत नाही की चुलीवर तंबाखू आहे.

मी सातवी-आठवीत असेन. दाढ ठणकत होती. आईने बोटावर चिमूटभर घेऊन माझ्या हिरडीला चोळली आणि म्हणाली, "लाव गो, काय होत नाय." मला घेरी आली, मी पडवीत आडवी झाले, ओकले. दाढ मात्र गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती तरी मी मागायला गेले.

खरं सांगायचं तर दाढ हे निमित्त. मला हवं होतं ते वेगळंच होतं. आमच्याकडे तोंडात मशेरी असलेल्या बाईला कोणी काम सांगत नाही. सांगून उपयोगच नसतो. मागच्या दारी पायरीवर ती बसलेली असते, हनुवटी वर, ओठ मिटलेले, बोट हळूहळू फिरतंय. आजोबा आतून हाक मारायचे, आई नुसतं "ऊं" करायची, आणि आजोबा गप्प व्हायचे. उजाडल्यापासून राबणारी माझी आई दिवसभरात बसायची ती तेवढीच. काकू बसायची, शेजारची बसायची. बाईला घटकाभर टेकायचं असेल तर तोंडात काहीतरी असावं लागतं, हे मी तेव्हाच शिकले. पोट साफ होतं, हिरडी घट्ट राहते, हे सगळं आपलं नंतर चिकटवलेलं.

लग्नानंतर कुवेतला आले. आमचे हे राई नावाच्या भागात एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअर सांभाळतात. आम्ही खैतानला राहतो, दोन खोल्या, खाली बकाला म्हणजे किराण्याचं दुकान, समोर पार्किंगची मारामारी. आणि मी काम करते दातांच्या दवाखान्यात, असिस्टंट म्हणून. हो, दातांच्या. देवाला पण कधी कधी विनोद सुचतो.

आमच्या डॉक्टर पुण्याच्या, बोलायला गोड, हाताला हलक्या. सुरुवातीला त्या आपल्याकडच्या पेशंटना विचारायच्या, तंबाखू घेता का? कोकणातले लोक, मराठवाड्यातल्या बायका, सगळे माना हलवायचे, नाही नाही. आणि तोंडात बघावं तर हिरड्या काळवंडलेल्या, खालच्या ओठाच्या आत पांढरट चट्टा. एक दिवस मी न राहवून म्हटलं, मॅडम, असं नाही विचारायचं, मशेरी लावता का असं विचारा. त्यांनी विचारलं. समोरची बाई खुशाल हो म्हणाली. तेव्हापासून मराठी पेशंट आला की प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, आणि घरात आणखी कोण लावतं. शेवटचा प्रश्न मॅडमचा. त्यांचं म्हणणं, एकट्या माणसाची सुटत नाही, घराने सोडावी लागते.

मी हे प्रश्न मास्क लावून विचारायचे. मास्कच्या आत, खालच्या ओठाच्या खोबणीत, माझी स्वतःची दुपारची मशेरी अजून थोडी थोडी विरघळत असायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं, हेच तर. मला वाटायचं त्या बायका जास्त लावतात. माझं आपलं नावापुरतं आहे.

यांच्या सिगरेटला मात्र मी घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगी झाली तेव्हा हे दिवसाला पाकीट ओढायचे. मी त्यांना आधी बाल्कनीत घालवलं, मग जिन्यात, मग खाली हारिसच्या खुर्चीशेजारी. शर्ट बाहेर झटकून या, चूळ भरून या, मुलीला हात लावू नका. हारिस बिचारा सगळ्या बिल्डिंगची राखण करतो, त्याला यांची कीव यायची. शेवटी कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, यांनी सोडली. पहिले दोन-तीन महिने माणूस चिडचिडून अर्धा झाला, पण सोडली. माझ्या मशेरीबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांची आई लावायची, आजी लावायची. त्यांच्या लेखी ते बाईमाणसाचं मंजन.

मशेरी इथे मिळत नाही, म्हणजे मी कधी शोधली नाही. आई गावाला भाजायची, चाळणीने चाळायची आणि कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरून, वर कागद चिकटवून त्यावर "त्रिफळा" लिहायची. गावचं कोणी येणारं असलं की त्याच्या बॅगेत त्रिफळा यायचा. बाटली बाथरूममध्ये बेसिनखाली, कपड्यांच्या साबणाच्या मागे. खैतानच्या फ्लॅटला मागचं दार नसतं. माझं मागचं दार म्हणजे बाथरूम, आणि पायरी म्हणजे एक प्लॅस्टिकचं निळं स्टूल.

आमच्या दवाखान्याची ड्युटी दोन तुकड्यांत. सकाळची संपली की दुपारी घरी, संध्याकाळी पुन्हा. त्या मधल्या दुपारी मुलगी शाळेच्या बसने यायची आणि मी स्वयंपाक, धुणं, इस्त्री, सगळं एका दमात उरकत असायचे. ती काही सांगायला आली की मी म्हणायचे, बाय, नंतर. जेव आधी. आटप लवकर. ती गप्प बसायची. पण मी निळ्या स्टुलावर बसले की ती बादली उपडी करून समोर बसायची आणि मग तिचं सुरू व्हायचं. कोण रडलं, कोणाचा डबा सांडला, कोणत्या मिसने कोणाला उभं केलं, सगळं. अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. मी बोलूच शकत नव्हते, म्हणून मध्ये तोडत नव्हते. मी "ऊं" म्हणायचे. तिला माझे सगळे ऊं कळायचे. हो चा ऊं, अगंबाई चा ऊं, खोटं बोलू नकोस चा ऊं.

ती पावडरीला "आईचं ब्लॅक" म्हणायची. कधी कधी मी इस्त्रीला उभी असले की येऊन विचारायची, आई, तू ब्लॅक कधी लावणार? मला केवढं कौतुक वाटायचं. आल्यागेल्याला मी ते सांगायचे. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. पोरीला आईशी बोलायचं होतं, आणि आईशी बोलायची वेळ म्हणजे मशेरीची वेळ, एवढं तिने साधं गणित घातलं होतं.

एका सुट्टीत गावाला गेलो तेव्हा ती दहा-अकराची असेल. सकाळी मागच्या दारी आई, मी, काकू अशा ओळीने बसलो होतो. ती येऊन मध्ये बसली आणि तिने आजीपुढे हात केला. आजीने चिमूट ठेवली तिच्या तळहातावर. माझ्याकडे बघून आई म्हणाली, मंजनच ते, काय होत नाय. मी काय केलं? मी फोन काढून फोटो काढला. आम्ही सगळ्या हनुवट्या वर करून, काळ्या दातांनी हसतोय, आणि मध्ये ती, बोट तोंडात. मग तिला उलटी झाली आणि आम्ही सगळ्या आणखी हसलो. तो फोटो मी प्रिंट करून घेतला. इतकी वर्षं तो आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली होता. पाणी प्यायला जाणारा प्रत्येक पाहुणा तो बघायचा आणि म्हणायचा, अगदी आजीवर गेलीय.

मोठी झाली तशी ती बोलेनाशी झाली. होतं तसं सगळ्यांच्या घरी, घरोघरी मातीच्या चुली. बोर्डाचं वर्ष आलं. शाळा, क्लास, दार बंद. मी विचारायचे, काय झालं? उत्तर यायचं, नथिंग. जेवलीस? यप. तिचे बाबा म्हणायचे, पोरगी मेसेज केल्यासारखी बोलते.

बाटली लवकर उतरायला लागली होती. मला वाटलं माझंच वाढलंय. असं मी स्वतःला सांगितलं खरं, पण माझ्या हाताला माझी चिमूट माहीत नाही होय? तिचा टूथब्रश सकाळी कोरडा असायचा. तिच्या खालच्या दातांच्या मुळाशी तपकिरी रेघ दिसायला लागली होती. मी रोज दहा माणसांच्या तोंडात बघते, दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडात मी ते दारातून ओळखलं असतं. घरी ओळखून न ओळखल्यासारखं केलं. कारण तिला विचारायचं तर बाटली बाहेर काढावी लागणार, आणि बाटली बाहेर काढली की ती कोणाची हा प्रश्न आला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी डोळे मिटून पोरीला पाजत होते.

मग एका दुपारी जेवताना तिने बांगड्याच्या तिखल्याचं ताट बाजूला सारलं. म्हणाली, झोंबतंय. लहानपणापासून हिरवी मिरची तोंडी लावणारी पोर. तिखट झोंबायला लागलंय का, हे मी पेशंटना विचारते. झोंबतं म्हणजे आतली कातडी बिघडायला लागली. मला हे माहीत आहे. मी उठले, फ्रिजमधून दही काढलं, तिच्या ताटात वाढलं आणि फ्रिजचं दार लावलं. फोटो तिथेच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाहेर भयंकर धूळ उठली. समोरची बिल्डिंग दिसेना, पेशंट फोन करून अपॉइंटमेंट रद्द करायला लागले, आणि मॅडमनी आम्हाला लवकर सोडलं. मी डोळे चोळत घरात शिरले. बाथरूमचं दार उघडं होतं. निळ्या स्टुलावर ती बसली होती. हनुवटी वर, ओठ मिटलेले, बोट हळूहळू फिरतंय. माझी आई बसायची तश्शी. "काय करतेयस?" म्हणून मी ओरडले. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ऊं."

मला तो ऊं ओळखीचा होता. आत्ता नको, असा तो ऊं होता.

मी तिला मारलं. खोटं कशाला सांगू, फाडकन एक दिली. मग आरडाओरडा. तंबाखू खातेस, लाज नाही वाटत, कळतंय का तुला, तंबाखू आहे ती! आमच्या घरात मशेरीला तंबाखू म्हटलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते माझ्याच तोंडून. बाटली उचलून मी सगळी पावडर कमोडमध्ये ओतली, दोनदा फ्लश केलं. ती शांतपणे उठली, चूळ भरली, दोन बोटांनी ओठांचे कोपरे पुसले. अगदी मी पुसते तसे.

"आय नो," ती म्हणाली. "मी नेटवर वाचलंय सगळं. पण आई, तू डेंटलमध्ये आहेस. मला वाटलं, इतकं वाईट असतं तर तू लावली असतीस का?"

तिने पुढे सांगितलं, हळू आवाजात, की अभ्यास कसा चाललाय, किती टक्के पडतील, पुढे काय करणार, सगळे सारखं विचारतात, आणि आई, तू ती लावून बसलीस की तुला कोणी काही विचारत नाही, मलाही थोडा वेळ कोणी काही विचारायला नको होतं. हे ऐकलं आणि मी कपडे न बदलता तिथेच ओल्या फरशीवर बसले.

रात्रीच्या जेवणाआधी मी यांना सांगितलं. वाटलं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. टीव्हीकडे बघतच म्हणाले, "मी सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, घरात मुलगी आहे."

एवढंच. वर म्हणाले, तिला तुझ्या मॅडमकडे ने. माझ्या मनात होतं लांबच्या कुठल्या तरी दवाखान्यात न्यायचं, जिथे मला कोणी ओळखत नाही. यांना ते बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

आणि अजून एक आहे, ते सांगितल्याशिवाय हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. बाथरूममधली बाटली मी ओतली. पण स्वयंपाकघरात रव्याच्या डब्यामागे दुसरी बाटली होती, भरलेली, न उघडलेली. ती मी ओतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बाहेर पडल्यावर मी ती उघडली आणि ओट्यापाशी उभ्यानेच लावली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोट फिरत होतं. शिसारी आली मला माझी, पण बोट थांबेना.

मॅडमकडे गेलो ती गर्दी नसलेली वेळ मी मुद्दाम धरली होती. मुलगी खुर्चीत बसली, मी नेहमीसारखी ट्रेपाशी, मास्क लावून. मॅडमनी तिला लहानपणापासून बघितलेलं, दुधाचे दात त्यांनीच काढलेले. त्यांनी दिवा खाली ओढला, ओठ उलटवला आणि बोटाने चट्टा चाचपून बघितला. मग म्हणाल्या की सुरुवात आहे, बंद केलं तर बहुतेक निवळेल, पण बंदच करायला हवं, पूर्ण. महिन्याभराने पुन्हा बघू. आणि नेहमीच्या सवयीने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीच विचारा. तुम्हाला बरोबर सांगतात."

प्रश्न माझ्या जिभेवर इतके बसलेले की ते आपोआप आले. मशेरी लावतेस का? हो, म्हणाली. दिवसातून किती वेळा? दोनदा, कधी तीनदा. मग तिसरा प्रश्न. मी थांबले. मॅडम वाट बघत होत्या. मी विचारलं, "घरात आणखी कोण लावतं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं, फक्त डोळे दिसत होते तिला माझे. मग मॅडमकडे बघून ती म्हणाली, "कोणी नाही. आमच्या घरात तंबाखू कोणी खात नाही."

स्वच्छ मराठीत, एकही इंग्लिश शब्द न घालता. तेच वाक्य, तोच ठसका. मशेरी तिने माझ्याकडून घेतली होतीच, खोटंही घेतलं होतं, आणि घेतलं ते माझी नोकरी आणि माझी अब्रू राखायला. खाण तशी माती म्हणतात ना. माझ्या मनात एक क्षण आलं की बरं झालं. हो, आलं. निभावलं, असं वाटलं मला. त्या एका क्षणाची शरम मला मुलीला मारलेल्या थपडेपेक्षा जास्त आहे.

मॅडम हात धुवायला वळल्या. मी मास्क काढला आणि म्हटलं, "मॅडम, मी लावते."

त्यांनी हात पुसले, नवे ग्लोव्हज घातले. मुलगी स्वतःहून खुर्चीतून उठली आणि मी बसले. इतकी वर्षं त्या खुर्चीशेजारी उभी राहिले, पण तो दिवा डोळ्यांवर इतका येतो हे मला माहीत नव्हतं. मुलगी माझ्या जागी, ट्रेपाशी उभी राहिली. मॅडमनी माझा ओठ उलटवला, आरसा आत घातला, गाल ताणला, कापसाने जीभ धरली. आणि तशातच त्यांनी विचारलं की किती वर्षांपासून लावता.

मला बोलता येत नव्हतं. तोंड उघडं, जीभ त्यांच्या हातात. मी "ऊं" केलं.

"मी जन्मायच्या आधीपासून," मुलगी म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे न बघता पुढचं विचारलं, दिवसातून किती वेळा. मी मनात तीन म्हटलं. मुलगी बोटांवर मोजत सांगायला लागली. सकाळी उठल्यावर. ड्युटीला जाताना. दुपारी, इस्त्री झाल्यावर. संध्याकाळी निघायच्या आधी. बाबा झोपले की. आणि काल सकाळी स्वयंपाकघरात, आम्ही गेल्यावर, कारण रव्याचा डबा पुढे सरकलेला होता. ती लहानपणी सांगायची तसं सगळं सांगत होती, काही न गाळता, माझ्याकडे बघत. आणि मी वर दिव्याखाली, हनुवटी वर करून, तोंड उघडं ठेवून, तिचं सगळं ऐकत होते.